परत येण्याचं कारण

नागपूर विमानतळाच्या दाराशी जवानाने बाबांना अडवलं, कारण तिकीट माझं एकटीचं होतं. माझी कागदांची फाइल बाबांनी दोन्ही हातांनी धरली होती. ती माझ्याकडे देता देता ते त्या जवानालाच सांगायला लागले, "दो साल का कोर्स है साहब. फिर वापस आ रही है." त्या बिचाऱ्याने काही विचारलं नव्हतं. मागे लोक ट्रॉल्या घेऊन ताटकळले होते. आई माझ्याकडे बघत होती आणि मी फाइलकडे. आधी दिल्ली, मग टोरांटो, मग विनिपेग, एवढा पल्ला होता आणि मी निघायच्या आधीच थकले होते.

अख्खं वर्ष कागदांत गेलं होतं. आमच्या करडी गावाहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. कधी शिक्का पुसट, कधी फोटोत कान दिसत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाऊन आले, ती मुंबई म्हणजे स्टेशन, ऑफिस आणि परत स्टेशन. विमानाचं तिकीट दोनदा काढावं लागलं, कारण पहिली तारीख व्हिसाची वाट बघण्यातच टळली. तुमच्यापैकी जे गेले त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिले त्यांना मात्र वाटतं, पोरगी भुर्रकन उडाली.

या सगळ्यात एक कागद तेवढा चुटकीसरशी झाला. एजंटच्या ऑफिसातली एक ताई अर्जासोबतची पत्रं लिहून द्यायची. "तू परत येशील असं तिकडच्या साहेबाला पटलं पाहिजे," ती म्हणाली. "घरी काय आहे तुझ्या?" मी सांगितलं, बाबांची धान भरडायची गिरणी आहे. माझा चहा संपायच्या आत तिने 'परत येण्याचं कारण' लिहून टाकलं: अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेऊन मी गावी परतेन आणि वडिलांच्या गिरणीला जोडून कोंड्यापासून तेल काढायचा कारखाना टाकेन. आमच्या घरात असं कधी कोणी बोललंच नव्हतं. कोंड्यातून तेल निघतं हेही मला तेव्हाच कळलं.

पत्रासोबत, त्यातलं सगळं आपल्याला मान्य आहे असा बाबांच्या सहीचा कागद लागत होता. न वाचता सही करणाऱ्यांतले बाबा नव्हेत. गिरणीत पोत्यावर बसून म्हणाले, "मराठीत सांग." मी सांगत गेले, ते मान हलवत गेले. कारखान्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ते आखीन एक डाव वाच."

मी वाचलं.

"मले पहिले काहून नाही सांगतलं?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाबा, ही व्हिसाची भाषा असते, सगळेच असं लिहितात, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सही झाली. आई बाजूला तांदूळ पाखडत होती. तिने एवढंच विचारलं, "खरंच येशीन का वं?" मी हसले. तिने पुन्हा विचारलं नाही.

त्याला चार वर्षं झाली. इथे मी एका बिस्किटांच्या फॅक्टरीत क्वालिटी बघते. शिफ्ट, बस, लॉन्ड्री, आठवड्याची भाजी एकदम आणून फ्रीजमध्ये कोंबणं, यात दिवस जातात. पहिल्या हिवाळ्यात बर्फाचे फोटो पाठवले होते, आता कामाला निघण्याआधी तोच बर्फ फावड्याने ओढते. लाखनी, तुमसरकडची पोरं मेसेज करतात, दीदी, तुमचं एसओपी पाठवा ना. मी माझं ते 'परत येण्याचं कारण' लिहिलेलं पत्र पाठवते. गिरणीच्या जागी कोणी डेअरी घालतं, कोणी नर्सरी. कागदावर आपल्या जिल्ह्यात केवढे कारखाने उभे आहेत म्हणून सांगू!

एक मात्र नुसता कागदावर राहिला नाही. मी गेल्यावर वर्षभरात बाबांनी गिरणीमागे पत्र्याचं शेड टाकलं, नव्या मशीनसाठी थ्री फेज विजेची वेगळी लाइन घेतली. व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून दाखवायचे, "इथं तुही मशीन. अन् हे तुह्या बसाची जागा." गावात सांगत हिंडायचे, "लोकाइच्या पोरी सासरी जातेत, माही पोरगी घरी येनार आहे." कोर्स संपला तेव्हा मी म्हणाले, थोडा अनुभव घेते. पुढच्या वर्षी म्हणाले, आणखी एक वर्ष. आजचं उद्यावर ढकलण्यात मी चांगलीच पटाईत झाले. त्यानेच मी जास्त थकले, शिफ्टने नव्हे.

गेल्या महिन्यात इथे कायमचं राहण्याचा अर्ज भरायची पाळी आली. आधी बाबांना सांगायचं ठरवलं. माझी संध्याकाळ होती, त्यांची सकाळ. मागे गिरणी धडधडत होती, ती त्यांनी बंद केली. मी एका दमात सांगून टाकलं की मी येणार नाही. आणि तो कारखाना माझ्या मनातला नव्हता, त्या ताईने लिहिला होता.

ते घाबरल्या आवाजात म्हणाले, "तिकडचे तुले काही करतीन तं नाही ना? विचारलंच तं सांगजो, बापानं लिहाले लावलं. सही माहीच आहे."

"नाही बाबा. तो कागद परत कोणी काढून बघत नाही."

"कोनीच नाही?"

"कोणीच नाही."

"मंग म्याच वाचला म्हना," ते म्हणाले. थोड्या वेळाने गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी खूप रडले. कुठली म्हणून कोणी विचारलं तर मी अजूनही करडीचीच सांगते, पुढेही सांगेन. त्याच आठवड्यात अर्ज भरला. त्यात 'घरचा पत्ता' असा रकाना होता. तिथे मी इथला पत्ता लिहिला. लिहिताना हात जरासाही अडखळला नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.