मत नसलेल्यांनी आज मार खाल्ला

तालमीच्या गड्यांनो, कुस्तीची बातमी पुसून फळ्यावर हे लिहितोय. सगळ्यांनी वाचा.

आज वडूजच्या बाजारात सखातात्याची सभा होती. घोंगड्या विणणारा माणूस लोकल बोर्डाच्या निवडणुकीत इनामदाराविरुद्ध उभा राहिला, म्हणून शहाणी माणसं लांबून हसत होती. तात्याजवळ होते मेंढपाळ आणि तमाशातली हौसाबाई. मेंढपाळांनी वर्गणी म्हणून लोकर दिलेली, हौसाबाईनं पायातले चांदीचे तोडे.

तात्यानं तोंड उघडलं तोच इनामदाराची माणसं काठ्या घेऊन घुसली. मेंढपाळांनी डाव्या हाताला घोंगडी गुंडाळून वार झेलले. लांडग्यापुढं ते असेच उभे राहतात. पण म्हातारा बिरूआबा आडवा झाला, मनगटाचं हाड बाहेर आलं. तात्याला वाचवायला हौसाबाई त्याच्या अंगावर पडली आणि तिचं डोकं फुटलं. मीही एका काठीवाल्याचा जबडा मोडला.

बिरूआबाचा हात बांधताना मी विचारलं, "आबा, परवा मत द्यायला जमंल का?"

"मला कुठलं मत रं? जमिनीचा सारा भरंल त्यालाच मत. आमी मेंढरामागं फिरणारी माणसं."

रक्त पुसत हौसाबाई म्हणाली, "मला बी न्हाई."

गड्यांनो, आपल्या घरचा सारा भरला जातो. आपल्या बापांची नावं मतदारांच्या यादीत हायेत. तरी तिथं आपल्या तालमीतला एकच गडी मला दिसला. त्याचाच जबडा मी मोडला.

आता सांगा, तुमी आधी कुणाला बघायला जाणार?