मी डॉक्टरला खांदा सांगितला

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, देवापुढंही नाही. तुम्ही ऐका — मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

मी चौथी शिकलेली बाई. शाळेत गुरुजी शरीराचे भाग म्हणून घ्यायचे आणि आम्ही एकेकाला हात लावायचो — कपाळ, मान, खांदा, कोपर, पोट. पोटानंतर थेट गुडघा. मधलं गळायचं. मुलींच्या रांगेत छातीही गळायची. पण म्हणून ती नावं मला येत नव्हती असं समजू नका. नळावरच्या भांडणात मी ती सगळी घ्यायचे. पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं.

म्हणूनच तर कमलनं मला सोबत नेलं. कमल माझी धाकटी जाऊ. एक दिवस न्हाणीचं दार लावून तिनं मला दाखवलं — उजव्या स्तनात, खालच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. दाबली तर हलेना.

"अक्का, डॉक्टरम्होरं माझं तोंड उघडायचं न्हाय. तू सांग. तू कुणाला भितीस व्हय?"

"सांगतो की! त्यात काय लाजायचं?" मी म्हटलं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. "बोला मावशी, काय होतंय?" कमल माझ्याकडं बघत होती. आणि मी — मी म्हणाले, "हिचा खांदा दुखतोय."

का? दीर सोबत होते म्हणून? ते तर बाहेर टपरीवर चहा प्यायला गेले होते. समोर पुरुष होता म्हणून? मग नळावर काय पुरुष नसायचे? तोंडानं जमत नव्हतं तर नुसतं बोट दाखवायचं होतं. तेही मी केलं नाही.

डॉक्टरनं तिचा हात वर-खाली करून बघितला, मलम लिहून दिलं. रिक्षात कमल एवढंच म्हणाली, "अक्का, असं का केलीस गं?"

"पुढच्या खेपेला सांगू की," मी म्हटलं.

पुढची खेप आठ महिन्यांनी आली. गाठ फुटून पोलक्याला डाग पडायला लागले तेव्हा.

मोठ्या दवाखान्यातून परत आणलं त्या दिवशी तिच्या मुलीनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "काकी, तुला तरी ठाऊक होतं का?"

मी काय म्हणाले असेन? "मला काय म्हाईत? तिनं तोंड उघडलं असतं तर कळलं असतं."

कमल तिथंच कॉटवर बसलेली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आता बोलेल — मी वाट बघत होते. ती बोलली नाही. पुढं वर्षभर जगली, पण माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही. आजारानं चिडचिडी झालीय, असं लोक म्हणायचे. मीही तसंच म्हणायचे.

तिच्या मुलीनं आईचा फोटोही घरात लावलेला नाही. "आईनं आम्हाला परकं केलं, काकी. पोटच्या लेकीपासून एवढं लपवायचं?" — येईल तेव्हा हेच.

कमलनं लपवलं नव्हतं. लपवलं मी — आधी डॉक्टरपासून, मग तिच्या लेकीपासून.

परवाही ती येऊन हेच म्हणाली. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.