पुसलेला ठिपका

दुर्बिणीचे फोटो येतात काळेपांढरेच, एका जागेचे तीन-तीन. त्यांत रंग भरणाऱ्याला ऑफिसात सगळे रंगारी म्हणत. त्याने घोळ घातला तो मात्र सफाई करताना. एका दीर्घिकेच्या कडेला पांढरा ठिपका होता. कॅमेऱ्यात असे खोटे ठिपके उमटतातच, पण एखाद्याच फोटोत. हा तिन्ही फोटोंत होता. रंगाऱ्याच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने तिन्हीकडचा पुसला आणि डबा उघडला.

तो नुकताच फुटलेला तारा होता. महिन्याभराने दुसऱ्याच कुणी तो जाहीर केला.

साफ झालेले फोटो तपासायचं काम ताईंचं. वीस वर्षं त्या असा एक तारा शोधत होत्या, आणि आता निवृत्तीला आठवडा उरला होता.

“ताई, चष्मा बदला आता!” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. लोक हसले. रंगारीही हसला.

बातमी आल्यावर ताईंनी मूळ फोटो उघडून पाहिले होते. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, “रंग मात्र झकास भरलेस हं.”

निरोपाला ऑफिसने त्यांना त्याच दीर्घिकेचं रंगवलेलं चित्र फ्रेम करून दिलं. रंगाऱ्याने ते गाडीपर्यंत उचलूनही नेलं. “साहेब, ठिपका मी पुसला,” एवढं एक वाक्य तो ताईंचं देणं लागत होता. अजून लागतो.