बांधावरचं रेडियम

मी धुळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वय सत्तेचाळीस. या वयात मला एका खेळाचं वेड लागलं. त्या वेडापायी मी जे करून बसले ते माझ्या नवऱ्याला आणि माहेरच्या चार माणसांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही.

खेळ साधा आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतं. दुसरे लोक फोन हातात धरून ती शोधत येतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून निघून जातात. बक्षीस वगैरे काही नाही. माझी लेक पुण्याला शिकायला गेली, तिथे ती हा खेळ शिकली आणि सुट्टीत आली तेव्हा तिने मला शिकवला. नंतर ती विसरली, मी विसरले नाही. आपल्या खानदेशात अशा डब्या फारशा नव्हत्याच. म्हणून मी स्वतः लपवायला लागले.

आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसा बाहेर पडून काही शोधायचं म्हणजे चक्कर येऊन पडायचं. तेव्हा अंधार पडल्यावर खेळायच्या कल्पना मी शोधू लागले, आणि त्यात मला जी गोडी लागली ती सांगता येणार नाही. उजेड हा माझा विषय. नंबरप्लेटवाल्याच्या दुकानातून रेडियमचा कागद आणायचा, त्याच्या बारीक टिकल्या कापून टाचण्यांच्या डोक्यांवर चिकटवायच्या आणि त्या टाचण्या झाडांना टोचत जायच्या. दिवसा त्या कुणाला दिसत नाहीत. रात्री टॉर्च मारला की एकामागून एक डोळे उघडल्यासारख्या चमकतात. एक पांढरी टिकली म्हणजे सरळ जा, दोन म्हणजे वळा, तीन लाल म्हणजे थांबा, इथे आहे. शिवाय नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखालीच दिसेल अशा शाईने मी दगडावर आकडे लिहीत असे. एकदा प्रयोगशाळेतल्या जुन्या सामानातून असा दिवा जोडला की त्याच्यावर उजेड पाडला तरच तो लुकलुकायचा, आणि जितक्या वेळा लुकलुकेल तितका पुढचा आकडा. विद्यार्थ्यांना शिकवताना इतका जीव मी ओतला नसेल.

माझं माहेर सावद्याच्या पुढे, केळीच्या पट्ट्यात. आई-वडील गेले, भाऊ शेत विकून सुरतला गेला. आता माहेर म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना मी नाना म्हणते, आणि त्यांची बायको, माझी काकू. त्यांच्या केळीच्या बागेला लागून आबांची बाग. आबा नात्याचे नाहीत, पण माझे वडील शेवटी भुसावळच्या दवाखान्यात होते तेव्हा पंधरा रात्री आबा त्यांच्या उशाशी बसले होते. भाऊ सुरतहून येईपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. नानांच्या आणि आबांच्या वडिलांत बांधावरून वाद होता. तो सरकारी मोजणी होऊन मिटला. त्यानंतर दरवर्षी आबांच्या विहिरीचं पाणी माघात आटलं की नाना आपल्या बोअरचं पाणी त्यांच्या बागेला पाइप टाकून देत. कुणी मागायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, असं ते चालत आलं होतं.

संक्रांतीला मी गेले तेव्हा त्या दोघांमधल्या बांधावर मी माझी आजवरची सगळ्यात मोठी रात्रवाट आखली. डांबरी रस्त्यापासून गाडरस्त्याने आत, बाभळींवरून, कडुनिंबांवरून, विजेच्या खांबावर नुसत्या चिकटवून, टिकल्यांची रांग. शेवटच्या तीन लाल टिकल्या नानांच्या बागेच्या कोपऱ्यावरल्या निंबाला लावल्या आणि त्याच्या ढोलीत डबी ठेवली. संध्याकाळच्या दीड तासात काम झालं. नानांना विचारलं नाही. आबांना विचारलं नाही. विचारावं असं मनातच आलं नाही, हे मला आज सगळ्यात जास्त खुपतं. शहरात कुणाच्या कुंपणाला मी हात लावला नसता. इथे मात्र मी लेक होते, आणि लेकीला सगळं शिवार आपलंच वाटतं.

फेब्रुवारीत जळगावला लग्नाला आलेले नाशिकचे चौघे एका रात्री गाडी काढून माझी डबी शोधायला गेले. त्यांना ती सापडली. त्यांनी अॅपवर लिहिलं की अशी वाट महाराष्ट्रात दुसरीकडे पाहिली नाही, केळीच्या पानांच्या आवाजाने अंगावर काटा आला. मी ते स्टाफरूममध्ये तीनदा वाचलं.

ते चौघे आले त्याच रात्री नानांच्या बागेला पाणी द्यायची पाळी होती. आमच्याकडे शेतीची लाइट आठवडाभर रात्री असते आणि आठवडाभर दिवसा, त्यामुळे रात्री उठून मोटार चालू करणं हे कुणालाच नवीन नाही. नाना निघाले तेव्हा त्यांना लांबून बांधावर तीन-चार टॉर्च फिरताना दिसले. ते पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. त्यांनी आपला टॉर्च मारला आणि निंबावर तीन लाल ठिपके चमकले. मग मागे मारला, तर रस्त्यापर्यंत रांग.

केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्याकडे वैर काढायचं ते बागेवर. रात्रीतून कुणीतरी विळे घेऊन येतं आणि घड लागलेली खोडं आडवी करून जातं. कोण ते सापडत नाही. आठच दिवसांपूर्वी शेजारच्या गावात एका शेतकऱ्याची बाग अशी कापली गेली होती. नानांची बाग नुकतीच निसवली होती, घड बाहेर पडत होते. आणि कापणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या खुणा त्यांच्या बांधावर लागलेल्या होत्या, आबांच्या बाजूने.

हे मला काकूने फोनवर सांगितलं. नाना रोज रात्री बागेत झोपतात, त्यांना खोकला झालाय, हे सांगण्यासाठी तिने फोन केला होता. सांगता सांगता पुढचं आलं. दूध डेअरीपाशी दहा माणसांसमोर नानांनी आबांना विचारलं होतं की जुनं काही मनात आहे का. आबा म्हणाले होते की मला काही माहीत नाही. त्यावर नाना म्हणाले की तुझ्या बाजूने खुणा लागतात आणि तुला माहीत नाही. आबा किटली उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी नानांनी पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवला.

मी काकूला त्याच फोनवर सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "नानांना म्हणावं जागरण करू नका." आणि फोन ठेवला. मग पहिलं काम काय केलं तर अॅप उघडून ती डबी बंद केली. कारण विचारलं होतं तिथे लिहिलं, डबी हरवली.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो नरडाण्याला कारखान्यात आहे, मूळचा शिंदखेड्याकडचा, घरात अहिराणीच बोलतो. जेवता जेवता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "आते सांगी टाक. उशीर करशी तं जड जाई." मी म्हटलं, फोनवर नको, प्रत्यक्ष जाऊन सांगते. त्याला ते पटलं. मलाही पटल्यासारखं वाटलं.

प्रत्यक्ष गेले ती सांगायला नाही, टाचण्या काढायला. चार टाचण्या नानांनी काढून नेल्या होत्या, बाकीच्या तशाच होत्या. मला वाटलं, खुणाच राहिल्या नाहीत तर गोष्ट आपोआप विझेल. नानांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याची तयारी बघायला आले असं काकूला सांगितलं. जेवणं झाल्यावर नाना बाजेवर आडवे झाले, लाइट बाराला येणार होती, तेव्हाच ते बागेत जाणार होते. मी शतपावलीच्या नावाखाली निघाले. साडेनऊ वाजले असतील. टॉर्च हाताने अर्धा झाकून मी बाभळीवरच्या टाचण्या उपटत गेले. खांबापाशी आले तोच अंधारातून आवाज आला, "कोन आहे?"

आबा बांधाला टेकून बसले होते. शेकोटी नाही, विडी नाही, घोंगडी लपेटून नुसते बसले होते. आपल्या नावावर हे कोण करतंय ते पाहण्यासाठी चार रात्री ते असे बसत होते. त्यांनी माझ्या तोंडावर टॉर्च मारला, मग हातावर. माझ्या मुठीत टाचण्या होत्या, आणि त्यांच्या उजेडात त्या चमकल्या.

"तू अठी काय करते?" ते म्हणाले.

मी सांगितलं. खेळ, डबी, फोन, नाशिकचे लोक, सगळं. किती मूर्खासारखं वाटत होतं ते त्यांच्यापुढे बोलताना. केळीच्या बागेत मध्येच एखादं पान फाटल्यासारखं वाजत होतं. त्यांनी एक टाचणी मागून घेतली, बोटांत फिरवून पाहिली आणि परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आबा, तुम्ही नानांना काही बोलू नका, मीच सांगते, उद्याच सांगते.

"मी नाही सांगत," ते म्हणाले. "माह्या तोंडून गेलं तं नाना म्हनतीन, पोरीवर ढकलून राह्यला. तुले सांगायचं तवा सांग. पन लवकर सांग, बाग वाळून राह्यली."

सकाळी मी सावद्याहून पहिली एसटी धरली. नाना अंघोळीला गेले होते. काकूला म्हटलं, कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा आहेत. परीक्षा खरंच होत्या, पण दोन दिवसांनी.

त्यानंतर दहा आठवडे गेले. मी कारणं गोळा करत राहिले. नानांचं ब्लडप्रेशर. लग्नघर. आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर आधी का नाही सांगितलं असं विचारतील. हे शेवटचं कारण दर आठवड्याला मोठं होत गेलं. काकूचा फोन आला की मी आडून विचारायची, पाणी चालू झालं का. नाही, ती म्हणायची. आबांची विहीर आटली होती, ते टँकरने खोडांना पाणी घालत होते. नवरा अधूनमधून नुसता माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, मी सांगू का. मी म्हटलं नको. आणि आबा खरंच कुणाला बोलले नाहीत. गावात लोक त्यांच्याविषयी बोलत होते, त्यांच्या मुलाने डेअरीला जाणं सोडलं होतं, तरी ते बोलले नाहीत. मी विनंती केली होती म्हणून त्यांनी ते सोसलं असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं हे की मी सांगेन असं त्यांनी धरलं होतं.

एप्रिलच्या शेवटी लग्न होतं. हळदीच्या दिवशी मी आणि काकू ओसरीत अक्षता पुड्यांत बांधत होतो. काकू हळूच म्हणाली की आबांच्या घरी पत्रिका दिली नाही. नवरी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली, सकाळपासून रडतेय, पण नाना ऐकत नाहीत. मी हातातली पुडी खाली ठेवली. मला आता वाटतं की धीर वगैरे काही आला नव्हता. ती मुलगी रडत होती आणि मला तिथे बसवेना, एवढंच.

नाना मागच्या दारी मांडववाल्याशी बोलत होते. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. या वेळी खेळाचं कौतुक नाही, फार कारणं नाहीत. टिकल्या मी लावल्या होत्या, एवढं आधी सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्या पानी बंद केलं, तवा तुले माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आत गेले, टोपी घातली, काकूच्या पुढ्यातून अक्षतांची एक पुडी आणि एक पत्रिका उचलली. मी मागे निघाले तर म्हणाले, तू नको येऊ. अर्ध्या तासाने परत आले आणि कुणाशी न बोलता बोअरकडे गेले. संध्याकाळी पाइप पुन्हा आबांच्या बागेत पडला होता.

लग्नाला आबा आले, त्यांची बायकोही आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. आबा पंगतीत नानांच्या शेजारी जेवायला बसले. दोघं फार बोलत नव्हते, पण नानांनी त्यांना आग्रह करून वाढलं. मी पाणी वाढत त्या रांगेतून गेले तेव्हा आबांनी माझ्यापुढे पेला धरला, नेहमीसारखा. अक्का मात्र हात धुताना मला म्हणाली, "तू तं मास्तरीन ना माय?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

त्या हंगामात आबांचे घड भरलेच नाहीत. व्यापाऱ्याने बाग पाहून नको म्हटलं, माल पडत्या भावाने वेफर्सवाल्याकडे गेला. मी भरपाईचं बोलायला गेले तेव्हा आबांनी विषय बदलला आणि माझ्या लेकीचं विचारलं. दुसऱ्यांदा ते बोलायचं धाडस मला झालं नाही, आणि झालं नाही याचं बरंही वाटलं, हेही लिहून ठेवते.

नाना मला काही बोलले नाहीत, आजवर नाहीत. गावात त्यांनी डेअरीपाशी उभं राहून सांगितलं की चूक त्यांची स्वतःची होती, आबांची नाही. माझं नाव घेतलं नाही. मी धुळ्यात परत आले आणि वर्गात परावर्तनाचा धडा शिकवला.

या दिवाळीत मी नानांना फोन केला. त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली. मी म्हटलं, भाऊबीज झाली की येते दोन दिवस. पंचवीस वर्षं मी त्या घरी न कळवता गेले आहे, कधी रात्री अकरालाही दार वाजवलं आहे.

"ये ना," नाना म्हणाले. "निघशीन तवा आधी फोन करजो."