जवाईबापूंचा लांडगा

लांडग्याच्या विष्ठेवर जीव लावणारा आमच्या जवाईबापूंसारखा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. त्यांची वरात दारव्ह्याजवळच्या माळावरून येत होती, तेव्हा पायवाटेच्या फाट्यावर त्यांना ‘नमुना’ दिसला. नवरदेव मुंडावळ्यांसकट गाडीतून उतरले, रुमालात काहीतरी गुंडाळलं, आणि तो रुमाल खिशात ठेवूनच माझ्या बहिणीच्या गळ्यात हार घातला. आमच्या आईला वाटलं, देवाचा अंगारा असेल. तिने त्या खिशाला हात लावून नमस्कारही केला.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी., सेट पास, आणि कॉलेजात नोकरी तासिकेवरची. ध्यास मात्र एकच: त्या माळावरचा लांडगा काय खातो, यावर पीएचडी करायची. त्यासाठी विष्ठा गोळा करायची, चाळणीत धुवायची, वाळवायची, आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की हा ससा, ही बकरी. धोंड्याच्या महिन्यात आईने हौसेने विचारलं, अंगठी करू की चांदीचं ताट? जवाईबापू म्हणाले, "मले बारीक जाळीची चाळणी पायजे. स्टीलची." दिली बिचारीने, वर अनारसेही दिले. पुढे ती लेकीकडे मुक्कामाला गेली आणि सकाळी उठून त्याच चाळणीने कणीक चाळून बसली. चाळणी धुतलेली होती, असं जवाईबापू शपथेवर सांगतात. पण आई तेव्हापासून त्या घरी फक्त भात खायची. माझी बहीण वैतागून म्हणायची, "दादा, ह्याइले लांडग्याच्या पोटातलं सारं समजते, माह्या नाही!"

इथवर हसायला ठीक आहे. पण त्यांच्या गाईडची आठवण आली की माझं डोकं आजही फिरतं. गाईड माशांचे. त्यांच्या हाताखाली जो जाई, तो कुठल्यातरी तलावातले मासे करून डॉक्टर होऊन बाहेर पडे. एकाने दिग्रसकडचा तलाव केला, दुसऱ्याने उमरखेडकडचा. तलाव तेवढा बदलायचा, मासे तेच. जवाईबापू लांडगा घेऊन गेले की सर म्हणत, "लांडगा पाणी पितो ना? मग तलावच करा." आणि फारच मागे लागलं की, "माझ्याकडे पीएचडीची जागा रिकामी झाली की बघू." ती जागा रिकामी व्हावी म्हणून या भल्या माणसाने सरांच्या घरच्या लग्नात पंगती वाढल्या, सरांची गाडी गॅरेजात नेली, सरांच्या म्हातारीला दवाखान्यात नेलं. आणि मागून आलेले, माशांना मान डोलावणारे, डॉक्टर होऊन परमनंट झाले. आज जवाईबापूंना किती तास द्यायचे ते हेच लोक ठरवतात! मी एकदा संतापून म्हणालो, "करून टाका ना मासे! कायले अडून बसले?"

ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, मासे कोणीबी करन. पण मी मासे केले, तं या माळावर लांडगा हाय हे कोण लिहीन?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "भाऊ, विषय मंजूर झाला! लांडगाच!" सर निवृत्तीला आले होते, जाता जाता त्यांना दया आली असावी. जवाईबापूंनी नारळ घेतला आणि मलाही सोबत घेतलं. वरातीतला नमुना मिळाला त्या फाट्यावरच नारळ फोडून कामाला सुरुवात करायची होती. माळ सरकारी चराईचा, ई-क्लासचा. तिथं सोलरचं काम चालू झालेलं त्यांना माहीत होतं, पण ते म्हणत, "कडेचा पट्टा हाय ना. तो कुठी जात नाही लांडगा."

फाट्यावर फाटक लागलं होतं. तारेच्या कुंपणाआड नजर जाईल तिथवर काळ्या पाट्या, आणि वाचमनची कुत्री अंगावर धावून येत होती. तरी कुंपणाकडेला त्यांना नमुना दिसलाच. डोळे लकाकले. गुडघ्यावर बसून त्यांनी काडीने तो उकलला.

"केस नाही," म्हणाले. "पोळ्या खाल्लेलं कुत्रं हाय, भाऊ."

दुपार टळेपर्यंत आम्ही तो कडेचा पट्टा पालथा घातला. नारळ तसाच पिशवीत राहिला. परतताना दारव्ह्याला चहाच्या टपरीवर बसलो, तेव्हा त्यांनी सरांना फोन लावला. "नमस्कार सर. मासे चालतीन मले. कोन्ता तलाव उरला हाय?" पलीकडून सर हसल्याचं मलाही ऐकू आलं. त्या क्षणी फोन हिसकावून त्या माणसाला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण जवाईबापूच ‘हो सर, हो सर’ म्हणत होते.

परवा आई माझ्यासोबत लेकीकडे आली होती. जवाईबापूंनी आपणहून ती चाळणी फळीवरून काढली, राखेने घासली आणि स्वयंपाकघरात नेऊन दिली. "घ्या आई, आता कणीक चाळा. हिचं काम नाही राह्यलं," म्हणाले. इतक्या वर्षांनी आई त्या घरात पोळ्या जेवली, आणि जावई मार्गाला लागला म्हणून देवापुढे साखर ठेवून आली.