नगण्य मासेमारी

आमच्या लखनऊच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कोकणावर फार छान बोलत. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या बदलीच्या निरोपसमारंभातसुद्धा. हातात माइक आला की पाचव्या मिनिटाला माड डोलायला लागायचे आणि सातव्या मिनिटाला अध्यक्षांचा गळा भरून यायचा. समोर रेल्वेतले इंजिनियर, छावणीतले मेजर-कर्नल आणि त्यांच्या बायका बसलेल्या असत. त्या सगळ्यांत खाऱ्या वाऱ्यात वाढलेली मी एकटीच. मला पक्कं माहीत होतं की कोकण सोडलं ते अध्यक्षांच्या आजोबांनी, आणि भरती कुठली आणि ओहोटी कुठली हेही यांना सांगता आलं नसतं. पण परमुलखात आपल्या गावाचं कौतुक ऐकलं की माणूस बावळटासारखा खूश होतो. मीही व्हायची.

नव्वदच्या दशकातला एक हिवाळा. आम्ही चारबागजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. यजमान रेल्वेत इंजिनियर, मी घरी, मुलगी सहावीत. गावाहून आत्याचं पत्र आलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, सगळा जन्म गावच्या प्राथमिक शाळेत शिकवलं आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिची पत्रं एरवी आंब्याच्या मोहोरापासून सुरू व्हायची. हे पत्र सरळ मुद्द्यावर आलं होतं. आमच्या किनाऱ्यासमोर, डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ, एक कंपनी समुद्रात तेलाची विहीर खोदणार होती. गावाने विरोध केला होता. एरवी एकमेकांच्या दारात पाय न ठेवणारे मासेमार खारवी आणि आंब्याचे बागायतदार एका सतरंजीवर बसले होते. कंपनीने मात्र एक अहवाल पुढे केला होता. तालुक्याच्या वकिलाने त्याची प्रत मिळवली. त्यात लिहिलं होतं, 'या किनाऱ्यावर मासेमारी नगण्य असून वस्तीचा समुद्राशी विशेष संबंध आढळला नाही.' शेवटच्या पानावर सही होती आणि खाली पत्ता. अलीगंज, लखनऊ.

'हा माणूस तुझ्याच शहरात आहे,' आत्याने लिहिलं होतं. 'मी येते.'

सही आमच्या अध्यक्षांची होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते एका खाजगी सल्लागार कंपनीला अहवाल लिहून देत, हे सगळ्यांना माहीत होतं. काय लिहून देत, हे कुणी विचारलं नव्हतं.

धुक्यामुळे गाडी दहा तास उशिरा आली. आत्या उतरली ती छातीशी एक कापडी पिशवी धरून. कुली पुढे झाला, "माताजी, लाइए।"

"ये हम किसीको नहीं देगा," आत्या म्हणाली.

पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं निवेदन होतं. पानंच्या पानं सह्या आणि अंगठे. काही अंगठ्यांच्या शाईत माशाचे खवले चिकटले होते. माझ्या लेकीने ते नखाने काढायचा प्रयत्न केला तेव्हा आत्याने तिचा हात धरला. "राहू दे गो. तो पुरावा आहे."

"पर आजी," लेक म्हणाली, "समुंदर तो सरकार का होता है ना?" तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"तुला कुणी सांगितलं?"

"पापा ने."

यजमानांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या एका हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आत्या माझ्याबरोबर आली. वाण घेऊन झालं, तिळगूळ झाला, आणि आत्याने पिशवीतून कागद काढले. मला अजून ती दुपार आठवली की तोंडात काहीतरी कडवट येतं. ज्या बायका अध्यक्षांच्या भाषणात पदर डोळ्यांना लावायच्या त्यांचे हात एकाएकी तिळाने चिकट झाले. एकीला मिस्टरांना विचारायचं होतं. दुसरीने, आम्ही डिफेन्सवाले, आम्हाला सही करायची परमिशनच नसते, असं सांगितलं. तिसरीचे मिस्टर कर्नल होते. तिने आत्याला गोड आवाजात विचारलं, "पण ताई, तेल तर देशाला लागतंच ना? हे जरा देशविरोधी नाही का वाटत?" तिची सरकारी जीप ड्रायव्हरसकट बाहेर उभी होती, गेला तासभर इंजिन चालू ठेवून, बाईंना थंडी वाजू नये म्हणून.

आत्याने कागद गुंडाळले. "छान लाडू होते," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मला मोठा पुळका आला. पेन काढलं आणि मी सही ठोकली. माहेरच्या नावाने. पत्ता गावचा. यजमानांची बढतीची फाइल वर गेली होती, त्यांचं नाव कुठे यायला नको एवढी अक्कल माझ्यातल्या क्रांतिकारकात होती. आत्याने चष्मा लावून वाचलं.

"ही कोण?"

"मी."

"या नावाची बाई गावात राहत नाही," आत्या म्हणाली आणि माझी सही तिने एका रेघेत खोडली. "खोट्या रिपोर्टावर खोटी सही घेऊन जाऊ काय? खऱ्या नावाने कर, नाहीतर राहू दे."

मी राहू दिलं.

त्या संध्याकाळी एकच सही मिळाली. शेजारच्या क्वार्टरमध्ये एका गार्डची म्हातारी आई राहायची, जन्मापासून लखनऊची. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. आत्याने तिच्या शाळकरी हिंदीत सगळं समजावलं. म्हातारीने मूंगफली सोलता सोलता ऐकून घेतलं. "हमारी गोमती में सारे शहर का नाला छोड़ दिया, बहन जी," ती म्हणाली, "तब हमसे किसने पूछा था? लाओ, कहाँ करना है?" आणि नाव लिहून दिलं.

रविवारी आम्ही दोघी अलीगंजला गेलो. धुकं अकराला विरलं आणि ऊन पडलं. अध्यक्ष अंगणात खुर्ची टाकून बसले होते, खांद्यावर शाल, कानाला मफलर. मी ओळख करून दिली, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि आत्याला वाकून नमस्कार केला.

"कोकणातून आलात! वा! आमच्याच मातीतल्या तुम्ही. अहो ऐकलं का, कोकम सरबत करा."

जानेवारीत, लखनऊच्या थंडीत, कोकम सरबत. त्यांच्या पत्नीने ते आणलंही. मूळच्या विदर्भातल्या, जाड चष्म्याच्या, शांत बाई. मंडळात त्या नेहमी चहाच्या टेबलामागे दिसायच्या. सरबत ठेवून त्या दाराशी उभ्या राहिल्या.

आत्याने अहवालाची प्रत मांडीवर उघडली. "हे तुम्ही लिहिलंत?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हो. तांत्रिक भाषा असते ती. सामान्य माणसाला जरा कठोर वाटते."

"मी चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. नगण्य म्हणजे मोजण्यासारखं नाही ते. बरोबर?"

"म्हणजे... त्या वेळी आढळलं नाही, एवढाच अर्थ."

"कुठल्या वेळी?"

"माझ्या पाहणीच्या वेळी. मी स्वतः गेलो होतो. दोन दिवस. समुद्रात एक होडी दिसली नाही, ताई. मी वैज्ञानिक माणूस आहे. जे दिसतं तेच लिहितो."

"कुठला महिना होता?"

अध्यक्षांनी मफलर सैल केला. "जुलै असेल."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. चौथीतल्या मुलाने गाय अंडी देते म्हटल्यावर ती असंच बघत असणार. "आषाढात होड्या समुद्रात नसतात हो," ती हळू म्हणाली. "त्या ओढून वर घेतात. झावळ्यांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी दर्यात जात नाही. हे आमच्या गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. शाकारलेल्या होड्या तरी दिसल्या असतील? ओळीने असतात किनाऱ्यावर."

"किनाऱ्याची पाहणी... तशी अंतरावरून..."

"किनाऱ्यावर गेलात ना?"

"अर्थातच," अध्यक्ष म्हणाले.

"नाही गेलात," दारातून आवाज आला.

त्यांच्या पत्नी होत्या. अध्यक्ष वळले. मला वाटतं इतक्या वर्षांत त्या आवाजाने आपलं म्हणणं कधी खोडलं असेल असं त्यांना आठवत नसावं.

"मी सोबत होते," त्या आम्हाला म्हणाल्या. "मी कधी समुद्र पाहिला नव्हता जी. म्हणून हट्टाने गेले. दोन दिवस आम्ही टेकडीवरच्या बंगल्यात होतो. पाऊस होता. यांनी फणसाची भाजी खाल्ली, झोप काढली आणि व्हरांड्यातून बघितलं. मी म्हटलं, दहा मिनिटं खाली जाऊ. हे म्हणाले, चिखल आहे, बूट खराब होतील. नाही गेलो. तसंच परत आलो."

"तुला त्यातलं काय कळतं?" अध्यक्ष म्हणाले.

"बुटातलं कळतं," त्या म्हणाल्या. "मीच पुसले ना. कोरडे होते."

आत्याने पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, अंगणातल्या तुळशीच्या कठड्यावर कागद ठेवला आणि आपल्या शब्दांत सगळं लिहून काढलं. बंगला, पाऊस, बूट. खाली पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि अलीगंजचा पत्ता. अध्यक्ष सरबताच्या पेल्याकडे बघत होते. ते एकदाच बोलले, "याचे परिणाम होतील." त्यांच्या पत्नीने कागद आत्याच्या हातात दिला. मी त्या पूर्ण भेटीत ओळख करून देण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

रिक्षात मला वाटलं, आत्या आता पेन माझ्याकडे देईल. तिने दिलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं. मी रस्त्याकडे बघत बसले.

फाल्गुनात तिकडे आमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत सुनावणी झाली. अध्यक्षांच्या पत्नी एकट्या दोन दिवसांचा प्रवास करून गेल्या. इकडे अध्यक्षांनी, भाचीचं लग्न आहे, माहेरी गेली, असं सांगितलं आणि मंडळाने आनंदाने विश्वास ठेवला. पुढचं मला आत्याच्या पत्रातून कळलं. कंपनीच्या वकिलाने त्यांना विचारलं, "तुम्ही या विषयातल्या तज्ज्ञ आहात का?" त्या म्हणाल्या, "नाही. तज्ज्ञ झोपले होते. मी जागी होते." कचेरीच्या खिडक्यांत बसलेली खारवी पोरं इतकी हसली की साहेबांना टेबल वाजवावं लागलं. नंतर त्या आत्याबरोबर समुद्राकाठच्या पुळणीवर गेल्या, रापण ओढणाऱ्या बायकांनी त्यांच्या हातात जाळ्याचा दोर दिला आणि त्यांनी तो हात सोलवटेपर्यंत ओढला.

मासेमारीच्या हंगामात नव्याने पाहणी करा, असा आदेश निघाला. पुढच्या हिवाळ्यात दुसरी माणसं आली, आणि त्यांना होड्या मोजता मोजता पुरेवाट झाली. मग कंपनीने आमच्या किनाऱ्याचा नाद सोडला आणि दक्षिणेकडचा दुसरा धरला. तिथल्या लोकांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

लखनऊला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम झाला, त्यात अध्यक्षांनी भाषण केलं. आपणा सर्वांच्या जागरूकतेमुळे कोकणची किनारपट्टी वाचली म्हणाले. शास्त्रज्ञ म्हणून आपण पहिल्यापासून सावधगिरीचा आग्रह धरला होता, हेही म्हणाले. कर्नलच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. परिणाम झाले होते ते एवढेच, की चहाच्या टेबलामागे आता अध्यक्षांच्या पत्नी नसायच्या. त्यांना कुणी बोलवत नव्हतं. "जरा विचित्रच वागतात हल्ली," बायका म्हणायच्या. मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे जाईन असं प्रत्येक महिन्यात ठरवायची. यजमानांना बढती मिळाली, घर आवरायचं होतं, राहून गेलं.

त्याच मेमध्ये मी गावी गेले. पुळणीवर एका खारवी म्हातारीने मला हटकलं. "तू मास्तरणीची भाची ना? लखनऊची? ती जाड चष्म्याची बाई, दोर ओढणारी, ती तुझी कोण?"

"आमच्या मंडळातली," मी म्हटलं.

"मंडळातली!" म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे तुम्ही सगळी होता होय आमच्या मागे!"

मी नाही म्हटलं नाही. तिने टोपलीतले सहा बांगडे काढले, केळीच्या पानात बांधून दिले. घरी आत्याने ते साफ करायला घेतले आणि कुठून आणलेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, विकत घेतले.