तांडा कुठं काढायचा?

दारव्ह्याच्या जफर पेंटरनं चाळीस वर्षांत किती जणांची नावं रंगवली याची मोजदाद नाही. किराणावाले, डॉक्टर, निवडणुकीत आपटलेले आणि निवडून आलेले, सगळ्यांची. फ्लेक्स आले, ब्रश वाळले, तरी गडी रोज दुकान उघडून बसायचाच. हट्टी माणूस. स्वतःचं नाव मात्र त्यानं कधी छापलेलं पाहिलं नव्हतं. या वयात त्याला तेवढं एकच हवं होतं आणि तो ते लपवायचाही नाही.

म्हणून जया राठोड मॅडमनी पुस्तकाचं काढलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. जया जवळच्याच बंजाऱ्यांच्या वस्तीतली, गुलाबसिंग तांड्यातली, दारव्ह्याच्या शाळेत शिकवायची. तिनं मुलांसाठी एका नसलेल्या देशाची गोष्ट लिहिली होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तिचे पूर्वज मुलूख फिरायचे, त्या कामाला लदेणी म्हणत. देशाचं नावही तिनं लदेणीच ठेवलं. गोष्टीला नकाशा हवा होता. पाच महिने दोघांनी मिळून तो देश उभा केला. ती सांगायची, हा काढायचा, मग दोघं भांडायचे. मिठाचा डोंगर पूर्वेला की पश्चिमेला, यावरून तर आठवडाभर अबोला होता. नकाशाखाली छापायचं ठरलं होतं : चित्र, जफर पेंटर, दारव्हा.

यवतमाळच्या छापखान्याचा निरोप आला. मूळ कागद आज पाचच्या जीपनं पाठवा, रात्री छपाई आहे. नाही आला तर आमचा कॉम्प्युटरवाला तासाभरात नकाशा काढेल.

जफरची रीत जुनी. आधी डोंगर, नद्या, जंगल. वस्त्या आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. त्या वस्त्या त्यानं सकाळी एकट्यानंच भरल्या. तीन वाजता जया आली, कागदावर वाकली आणि बोटानं काहीतरी शोधू लागली.

"चाचा, तांडा कुठं आहे?"

त्यानं हौसेनं बोट ठेवलं. राजधानी, बाजार, गढी सगळं सोडून, नाल्याच्या पलीकडं, पार कोपऱ्यात. झोपड्या सुरेख उतरल्या होत्या.

"इथं काहून काढला?"

"तांडा नाल्याच्या पल्याडच राह्यते ना मॅडम."

"दारव्ह्यात राह्यते. हा देश तर आपण मनानं बनवून राह्यलो. इथं कोणी हात धरला होता तुमचा?"

जफरनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. कोणी धरला नव्हता. हात आपोआप तिकडं गेला होता. त्यानं त्या झोपड्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारला.

"सांगा आता, कुठं घेऊ?"

"मी नाही सांगत. अर्धा देश तुमचा आहे."

झाली पंचाईत. जन्मभर लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं त्यानं रंगवलं, मनानं कुठं काय ठेवायचं हे ठरवलं कधी? ब्रशवरचा रंग सुकत आला. तांड्याकडं वळणाऱ्या फाट्यावरची बाणाची पाटी त्यानंच तीनदा रंगवली होती.

"खरं सांगू मॅडम? मी तुमच्या तांड्यात एकदाही आलो नाही."

"मग चला."

"अन् जीप?"

"ते तुम्ही ठरवा."

साडेतीन झाले होते. जफरनं रंगाच्या डब्या पिशवीत टाकल्या, कागद फळीवर चिकटवला आणि फळी मांडीवर धरून तिच्या स्कूटीवर मागं बसला.

तांड्यात जयाच्या वडिलांनी, देवसिंगनं, लिंबाखाली बाज टाकून दिली. जफरनं समोर पाहिलं. नाल्याच्या पलीकडं दारव्हा होतं. पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, आणि मधे कुठंतरी त्याचं दुकान, इथून दिसतही नव्हतं. इथून पाहिलं तर पल्याडचा तोच होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वस्ती आधी काढली. तांडा कागदाच्या मधोमध, दोन नद्या मिळतात तिथं. त्यापायी बाजार सरकला, गढी सरकली, नाला पुसून नव्यानं वळवावा लागला.

"चाचा, साडेचार."

"दिसते मले."

हात भरभर चालत होता, पण ओल्या रंगावर दुसरा रंग बसेना. पावणेपाच झाले. अर्ध्या देशात नुसते पांढरे डाग होते. पाचला छापखान्याचा फोन वाजला, जयानं स्पीकर लावला.

"मॅडम, जीपवाला थांबलाय. कागद देता, का आमच्यावाल्याला बसवू?"

"अर्धा तास थांबा ना!"

"नाही जमणार."

जयानं रडवेलं तोंड करून जफरकडं पाहिलं. "आहे तसाच देऊ, चाचा. तुमचं नाव तरी येईन."

अर्धवट काम जफरनं कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यानं तिच्या हातून फोन घेतला.

"तुमच्यावाल्याले बसवा. फक्त एक करा, तांडा मधात काढा. मधात म्हंजे मधात. नाल्याच्या पल्याड नाही."

फोन परत देताना त्याचे डोळे भरले होते.

पंधरा दिवसांनी जया पुस्तक घेऊन दुकानात आली. तांडा मधोमध होता. खाली भलत्याच कुणाचं नाव होतं. जफरनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. वाईट वाटलं, फार वाटलं. शेवटी त्यानं चष्मा लावून पान डोळ्यांजवळ नेलं.

"जागा बरोबर आहे. पण अक्षर पाहा, मुंगीएवढं. पोट्ट्यायले वाचता येईन काय हे?"

आणि सगळ्यात बारीक ब्रश काढून त्यानं 'तांडा' हे नाव तिच्या पुस्तकात मोठं करून दिलं.